सरकता आवाज: वारा की जनावर?

सिंदेवाही तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "वावर झुडपी जंगलाला लागून आहे. यंदा हरभऱ्याच्या जागलीला मीच जातो. रात्री पाल्यातून काहीतरी सरसरत एका धुऱ्याकडून (बांधाकडून) दुसऱ्या धुऱ्याकडे जातं. बाजूच्या मचाणावरचे काका जरा वेळ ऐकतात आणि 'डुक्कर हाये' म्हणतात, नाहीतर 'काही नाही, झोप' म्हणतात. ते नेमकं काय ऐकतात? आणि आवाज आला की लगेच बॅटरी मारायची का?"

चंद्रपूर जिल्ह्यात वनरक्षक म्हणून बीट सांभाळण्यात माझी नोकरी गेली. आता गावोगावच्या प्राथमिक प्रतिसाद दलातल्या, म्हणजे वाघ-बिबट्या गावाजवळ आला की आधी धावून जाणाऱ्या पोरांना हाच विषय शिकवतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आवाज सरकतो आहे एवढ्यावरून तो जिवंत जनावराचा ठरत नाही. वारा सरकतो, वावटळ सरकते, उतारावरून सुटलेला दगडही सरकतो. काका ऐकतात ते सरकण्याची तऱ्हा. कारण नसताना थांबलं का? थांबलेलं आपणहून पुन्हा निघालं का? वारा पूर्वेकडून येत असताना हे पश्चिमेकडून पूर्वेला गेलं का? आणि यापेक्षाही वजनदार प्रश्न, तुम्ही खाकरलात तेव्हा त्याच्यात काही फरक पडला का?

डोळ्यांच्या बाबतीत हे फार पूर्वी तपासून झालं आहे. 1944 मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मॅरियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण आणि एक गोल एका दार असलेल्या चौकोनाच्या आतबाहेर फिरतात. ना हात, ना पाय, ना तोंड. तरी बघणाऱ्यांनी सांगितलं की मोठा त्रिकोण भांडखोर आहे, लहान त्रिकोण त्याच्याशी झुंजतो, गोल घाबरून लपतो. कोणी न ढकलता निघायचं, मध्येच वळायचं, दुसऱ्याच्या हालचालीवरून आपला वेग बदलायचा, एवढ्या खुणांवर माणसाचं मन जीव ठरवून मोकळं होतं. कानाचा हिशोबही याच धर्तीवर चालतो. फक्त कानाला मिळणारा माल फार तुटपुंजा असतो, म्हणून तो जास्त फसतो.

किती तुटपुंजा, ते बघा. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला उशिरा पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाचा दोन-तृतीयांश इतकाच. तेवढ्यावर मेंदू दिशा काढतो, आणि बारीक पट्टीच्या आवाजात डोक्याच्या आडोशामुळे एका कानाला कमी ऐकू येतं, त्याचाही उपयोग करतो. तोंडासमोरच्या, स्थिर आवाजात साधारण एका अंशाचा फरकही आपल्याला कळतो. 50 मीटरवर एक अंश म्हणजे जेमतेम 90 सेंटीमीटर, वाईट नाही. पण आवाज कुशीला असला की ही अचूकता पार ढासळते, आणि तो सरकायला लागला तर त्याहून. शिवाय समोरचा आणि मागचा आवाज दोन्ही कानांना जवळपास सारख्याच वेळी पोचतो. त्यातला फरक कळतो तो कानाच्या पाळीच्या वळणांमुळे, आणि तोही मुख्यतः बारीक, करकरीत आवाजात.

म्हणून दोन गोष्टी आधीच सांगतो. हरभऱ्याची जागल थंडीत असते आणि सगळे कानावरून मफलर घट्ट गुंडाळून बसतात. मफलर नेमका तो करकरीत भाग खातो आणि पाळी दाबून टाकतो. मग मागच्या तुरीतलं जनावर समोरच्या धुऱ्यावर ऐकू येतं. डोकं बांधा, कान उघडे ठेवा. दुसरं, आवाज आला की पुतळ्यासारखं ताठ बसू नका. मान हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे फिरवा. आवाज समोर असेल तर मान फिरताना तो एका कानाकडे झुकतो, मागे असेल तर दुसऱ्या. जुनी माणसं ऐकताना मान डोलवतात ती याचसाठी, त्यांना विचारलंत तर "सवय" म्हणतील.

आता फसवणारे आवाज. यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण जनावर ओळखायला शिकण्याआधी जे जनावर नाही ते ओळखता आलं पाहिजे.

मार्चअखेरीला पहाटे मोहाजवळ बसून बघा, मचाणावर किंवा घराच्या अंगणात झाड असेल तर तिथे. फुलं गळायला लागलेली असतात. फूल रसाने भरलेलं, जड. वाळल्या पाल्यावर पडलं की "टप्" असा ओलसर आवाज होतो. एक डावीकडे पडतं. क्षणभराने दुसरं, थोडं उजवीकडे. मग तिसरं, आणखी पलीकडे. तुम्हाला तीन फुलं ऐकू येत नाहीत, झाडाला वळसा घालून चाललेलं कोणीतरी ऐकू येतं. वेगवेगळ्या जागी लागोपाठ आलेले आवाज मेंदू एकाच वस्तूचे मानतो आणि मधली चाल स्वतः भरून टाकतो. थंडीत पहाटे झाडांवरून दव ठिबकतं तेव्हाही हीच गंमत होते.

यातून सुटायचा उपाय आहे. दोन आवाजांच्या मधल्या जागेकडे कान द्या. चालणाऱ्या जनावराच्या दोन पावलांमध्येही काहीतरी असतं: गवताला अंग घासतं, काटकी मोडते, श्वास फुसफुसतो. दवाच्या थेंबांमध्ये काहीच नसतं. शिवाय एखादी जागा धरून ठेवली तर तिथला थेंब ठरावीक अंतराने, त्याच सुरात पडत राहतो.

सागवानाच्या पानाचं वेगळं आहे. फेब्रुवारीपासून ते हातभर पान वाळून सुटतं आणि फांद्यांवर आपटत खाली येतं. खट्, खट्, मग जमिनीवर खर्र. वरून खाली येणारा आवाज कानाला नीट कळत नाही. उंची ओळखण्यात आपले कान कच्चेच. त्यामुळे ती तीन-चार पावलं वाटतात. पण त्यानंतर पुढचं पाऊल पडत नाही. याच पानावर खुराने पाय दिला तर एका पावलाचे दोन आवाज येतात, पाय टेकताना पान चुरतं तो, आणि वजन उचललं की चुरलेलं पान परत थोडं उसळतं तो. दुसरा अगदी हलका असतो. एकदा दिवसा स्वतः पाय देऊन ऐका, नंतर रात्री तो तुम्हाला आपोआप सापडेल.

वाऱ्याला ओळखायचं ते त्याच्या रुंदीवरून. झुळूक येते ती आख्ख्या धुऱ्याच्या लांबीवरून येते, आधी वरचे शेंडे सळसळतात, मग तुरीचे, मग खालचा पाला. जनावराचा आवाज अरुंद असतो, बोट दाखवता येईल असा. ज्या आवाजाकडे बोट दाखवता येत नाही, तो बहुतेक वेळा वारा. वावटळ मात्र याला अपवाद. उन्हाळ्यात भर दुपारी ती पाला गोळा करून वावरातून चालत जाते, थांबते, वळते, पुन्हा निघते. जिवंतपणाच्या सगळ्या खुणा तिच्यात आहेत आणि गावागावात तिच्याबद्दल भुताटकीच्या गोष्टी आहेत, यात मला काही नवल वाटत नाही. तिला तुमच्या असण्याने काही फरक पडत नाही, एवढा एकच धागा तिथे उरतो.

माणसाने केलेल्या वस्तूही आहेत. पाखरांसाठी बांधलेली जुन्या कॅसेटची टेप वाऱ्यात घूं घूं करते. कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणाऱ्या झटका मशीनची टकटक साधारण सेकंदाला एक अशी चालते. ठिबकच्या नळ्यांतून मोटार सुरू होताना हवा सुटते आणि तो फूत्कार नळीबरोबर पुढे जातो, कितीतरी जण त्याला साप समजून उड्या मारतात. बांबूच्या बेटात दोन बांबू घासले की कण्हल्यासारखं ऐकू येतं. हे सगळं आपल्याच वावरातलं असतं, म्हणून जागलीला बसायच्या आधी दिवेलागणीला एकदा चक्कर मारून काय काय वाजतं ते ऐकून ठेवायचं. काकांचं अर्धं ज्ञान हेच आहे. त्यांना त्या वावराचे नेहमीचे आवाज पाठ आहेत, उरलेला आवाज तेवढा ते ऐकतात.

आता अंतराकडे येऊ, कारण घाबरगुंडी उडते ती इथेच. मोकळ्यावर अंतर अर्धं झालं की आवाज 6 डेसिबलने वाढतो. म्हणजे 10 मीटरवरून 5 मीटरवर आला तर 6 डेसिबल, पण 100 वरून 95 वर आला तर अर्धा डेसिबलही नाही. म्हणून लांबचं जनावर बराच वेळ "तिथेच आहे" असं वाटतं आणि मग एकदम अंगावर आल्यासारखं होतं. पण आवाज एकदम वाढायला आणखी एक कारण असू शकतं. तेच जनावर दवाने भिजलेल्या गवतातून निघून कोरड्या पळसाच्या पाल्यावर आलं, की एक पाऊलही जवळ न येता त्याचा आवाज दुप्पट वाटतो. त्यामुळे मोठेपणापेक्षा पोत ऐका. जवळच्या आवाजात करकरीतपणा शाबूत असतो. लांबून, झाडोऱ्यातून येताना बारीक सूर गळून जातात आणि आवाज बोदा होतो.

यात माणसाच्या मनाचाही कल आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन न्यूहॉफ यांनी 1998 मध्ये दाखवलं की वाढत जाणारा सूर आणि तेवढाच कमी होत जाणारा सूर ऐकवला, तर वाढणाऱ्यातला बदल लोकांना जास्त वाटतो. जवळ येणारी गोष्ट आहे त्याहून लवकर पोचेल असं आपण धरून चालतो. 2002 मध्ये रीसस माकडांतही असाच कल दिसला: वाढत्या सुराकडे ती जास्त वेळ बघत राहिली. मला यातला एक बारकावा फार कामाचा वाटतो. हा परिणाम सुरेल आवाजांत, म्हणजे कंठातून निघतात तशा आवाजांत मिळाला, नुसत्या खरखरीत मिळाला नाही. वाऱ्याची सळसळ वाढली तरी आपण फारसे दचकत नाही, पण गुरगुर वाढत आली की केस उभे राहतात, हा आपला अनुभव त्याच्याशी जुळतो.

रात्रीचं आणखी एक. सूर्य मावळल्यावर जमीन लवकर गार होते, वरची हवा त्या मानाने उबदार राहते, आणि आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो. म्हणून गोंदिया-बल्लारपूर लाइनवरची जी मालगाडी दिवसा ऐकूही येत नाही, ती रात्री पांदणीपलीकडून गेल्यासारखी वाटते. पलीकडच्या गावातल्या कुत्र्यांचं भुंकणंही तसंच. ते ऐकून आपल्या वावरात काही शिरलं असं ठरवू नका.

खाकरण्याकडे वळतो. मचाणावर सुरक्षित बसला असाल तर ही उत्तम परीक्षा आहे. सरसर चालू असताना एकदा मोठ्याने खाकरा. जिवंत असेल तर आवाज तिथल्या तिथे तुटेल, ओसरणार नाही. मग थांबा. जनावर उभं राहून ऐकतं, आणि तुमच्या अंदाजापेक्षा जास्त वेळ ऐकतं. पाच मिनिटांनी पुन्हा चाहूल लागली की पुन्हा खाकरा. एकदा योगायोग असू शकतो, दोन्ही वेळा बरोबर त्याच क्षणी तुटला तर शंका ठेवायचं कारण नाही. ही परीक्षा उलटी मात्र चालत नाही. आवाज थांबला नाही म्हणून तो निर्जीव असं म्हणता येत नाही, कारण खाण्यात गुंगलेलं अस्वल आणि माणसाला सरावलेला डुकरांचा कळप तुमच्या खाकरण्याला भीक घालत नाहीत.

जनावरागणिक थोडं सांगतो. डुकरं गर्दीने येतात, नाकाने माती उकरतात, मचमच खातात, आपसात कुरकुरतात. त्यांच्यातलं एक दचकलं की सगळा कळप एका क्षणी गप्प होतो, आणि हे एकदम गप्प होणं डुकरांची सही समजा. चितळ चार पावलं टाकून थांबतं, पुन्हा चार टाकतं, टाप हलकी. रोही (नीलगाय) चालताना फारसं वाजत नाही, पण उधळला की जमिनीतून धपधप येते. सायाळ चालली की पोकळ काट्यांची खुळखुळ होते, ती एकदा ऐकली की विसरत नाही. अस्वल लपायच्या भानगडीत पडत नाही. वाळवीच्या वारुळाला तोंड लावून ते फुंकतं आणि ओढतं, तो आवाज रात्री शंभर मीटरवरूनही येतो. सापाच्या आवाजाला पावलं नसतात, एकसंध घासत जाणं असतं. आणि पाल्यात धावणारा साधा सरडा बिबट्यापेक्षा कितीतरी जास्त वाजतो. सातभाई पाखरं दिवसा पाला उलटापालटा करतात तेव्हा नवीन पोरांना तिथे अस्वल असल्याची खात्रीच असते. आवाजाच्या मोठेपणावरून जनावराचा आकार कधीच काढू नका.

बिबट्या नि वाघाबद्दल स्पष्टच बोलतो. सिंदेवाही-ब्रह्मपुरी पट्ट्यात वाघ अभयारण्याची हद्द बघून राहत नाहीत, वावराला लागून असतात. त्यांचा पंजा गादीदार, आणि मांजरकुळाच्या सवयीप्रमाणे मागचा पाय बहुधा पुढच्या पायाच्या जागीच पडतो, म्हणजे वाजेल अशी नवी जागा तुडवलीच जात नाही. वाघ पावलांवरून ओळखीन म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तो कळतो दुसऱ्यांकडून. सांबर एका जागी उभं राहून ठासून ओरडत राहिलं, चितळ पाठोपाठ ओरडू लागले, टिटवी उठली आणि तिचं ओरडणं एका बाजूने पुढे पुढे सरकत गेलं, तर तिकडे कोणीतरी चाललेलं आहे. सांबरावर माझा जास्त भरवसा, चितळ उगीचही ओरडतात. याहून बारीक खूण रातकिड्यांची आहे. जवळून काही गेलं की जमिनीच्या हादऱ्याने तेवढ्या भागातले किडे गप्प होतात आणि ते पुढे गेलं की मागचे पुन्हा सुरू होतात. किरकिरीत पडलेलं भोक वावरातून सरकताना ऐकू येतं. हे जमायला सराव लागतो आणि थंडी फार वाढली की किडेच कमी होतात, म्हणून यावर एकट्यावर विसंबू नका.

राहिला बॅटरीचा प्रश्न. याचं उत्तर तुम्ही कुठे आहात त्यावर आहे.

मचाणावर असाल तर लगेच मारू नका. उजेड पडला की जनावर गप्प उभं राहतं, तुमच्या हातातला एकमेव धागा तुटतो, आणि अंधाराला सरावलेले तुमचे डोळे पुन्हा सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. आधी ऐका, मान फिरवून दिशा पक्की करा, हात त्या दिशेला धरा, मग हाताच्या रेषेत बॅटरी मारा. डुकरं असतील तर ओरडा, डबा वाजवा. उतरून हाकलायला जाऊ नका. आवाज थांबला म्हणजे जनावर गेलं असंही समजू नका. गेलेलं जनावर जाताना वाजतं, थांबलेलं वाजत नाही.

जमिनीवर चालत असाल तर सगळं उलटं. आपल्याकडे आठवड्यातले काही दिवस थ्री फेज लाइन रात्रीच मिळते आणि ओलितासाठी मोटार सुरू करायला माणसं एकटी, कानात हेडफोन घालून, पांदणीने निघतात. मला जागलीपेक्षा याची जास्त काळजी वाटते. तिथे तुम्हाला जनावर ओळखायचं नसतं, जनावराने तुम्हाला लांबूनच ओळखावं हे हवं असतं. बॅटरी निघतानाच चालू, दोघं-तिघं मिळून, मोठ्याने बोलत, काठी आपटत जायचं. मोबाइलवर गाणी लावायची असतील तर स्पीकरवर लावा, पण माणसाच्या बोलण्याइतकी खात्री मला गाण्याची नाही. व्हॉल्व्ह फिरवायला, नळी जोडायला वाकाल तेव्हा दुसऱ्याने उभं राहून चौफेर उजेड फिरवत राहायचं. वाकलेला माणूस लहान दिसतो, आणि वाकलेल्या माणसाला मागचं काही कळत नाही.

आवाजाचा माग काढत झुडपात शिरू नका, आणि कुंपणात थेट लाइन सोडायचा विचार तर मनातही आणू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात जनावरांबरोबर माणसंही मरतात. वाघ-बिबट्याची शंका पक्की होत असेल तर गावच्या प्रतिसाद दलाला उठवा किंवा वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन लावा. फोनवर "काहीतरी आहे" एवढंच सांगू नका. कोणत्या धुऱ्याकडून कुठे गेलं, कुठे थांबलं, खाकरल्यावर काय झालं, कोण ओरडलं, हे क्रमाने सांगितलंत तर येणाऱ्या माणसाला कोणत्या बाजूने यायचं ते ठरवता येतं.